काल्याला पोळी नाही

आमच्या गावात कुठलीही गोष्ट आधी भोंग्यावर येते, मग घडते. कुणाची शेळी चुकली, रेशनचा गहू आला, लेकरांना डोस पाजायला नर्सबाई आल्या, उद्या नळाला पाणी सुटणार नाही, सगळं मारुतीच्या देवळावरून ऐकायचं. माझी पिठाची गिरणी देवळाला लागून आहे, त्यामुळे माझं आणि त्या भोंग्याचं भांडण जुनं. मी पट्टा चालू केला की सरपंचांना बोलता येत नाही. ते बोलायला लागले की गिरणीतल्या बायकांना एकमेकींचं ऐकू येत नाही. नांदेड जिल्ह्यात, कंधारच्या अंगाला आमचं गाव आहे.

गेल्या वर्षभरात माझ्याबद्दल गावात खूप बोललं गेलं. भोंग्यावर नाही, पारावर, तोंडावर उपरणं धरून. मला कुजबुज सहन होत नाही. काय बोलायचं ते मोठ्यानं बोलावं. म्हणून झालं ते मीच सांगते.

माझ्या धाकट्या दिराचं ओढ्याच्या काठाला कोंबड्यांचं शेड होतं. तो धंदा बसला आणि शेड तसंच उभं राहिलं, जाळीला फाटकी पोती लोंबत. मग एक बाहेरचा माणूस आला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, बोलणं साखरेसारखं. जनावरांच्या खुराकात घालायची पावडर बनवतो म्हणाला, आणि शेड भाड्यानं घेतलं. गावानं त्याला लगेच 'साहेब' करून टाकलं. शेडवर राखण करायला दिरालाच ठेवलं, आणि साहेब त्याला सगळ्यांसमोर 'मालक' म्हणायचा. दिराला आयुष्यात कुणी मालक म्हटलं नव्हतं. तो त्या एका शब्दावर भाळला, असं मला आजही वाटतं.

हा दीर मी वाढवलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू नव्हती आणि हा माझ्या कमरेला लागत होता. त्याला न्हाऊमाखू घालणं, शाळेत ढकलणं, तापात उशाशी बसणं, सगळं मीच केलं. पुढं त्याच्यासाठी मुलगीही मीच पाहिली. ती माझी धाकटी जाऊ, मला अक्का म्हणते. कमी बोलणारी, पण तिचं गप्प राहणं ऐकायला शिकावं लागतं.

शेडच्या जाळ्या आतून काळ्या कागदानं बंद झाल्या. निळे ड्रम आले. कोंबड्या असताना तिथं कधी पंखा नव्हता, आता भिंतीत मोठाले पंखे बसले आणि दिवसभर फिरू लागले. त्यातून जो वास यायचा तो मला अजून नाकात आठवतो. मांजरानं कोपरा खराब करावा आणि वर कुणी औषधाची बाटली फोडावी, असा. वारा गावाकडं वळला की डोळे चुरचुरायचे. शेडमागचा लिंब एका अंगानं वाळला. ओढ्यात बेडूक ओरडेनासे झाले, आणि त्यांच्यावर चिडणारी मी, मला त्या शांततेची भीती वाटायला लागली.

पण खरी भीती मला दिराच्या खोकल्याची वाटली. कोरडा, छातीच्या तळातून उपसून आणल्यासारखा खोकला. तो वाटेनं येतोय हे आधी खोकल्यावरून कळायचं. डोळे कायम लाल, बोटांची कातडी सोललेली, झोप उडालेली, आणि लहानसहान गोष्टीवर जावेच्या अंगावर धावून जायचा. जाऊ त्याचे कपडे वेगळे धुवायची. एकदा माझ्या कपड्यांत त्याचा सदरा चुकून आला तर माझ्या हातांना दिवसभर आग सुटली.

एके दिवशी तो ज्वारी दळायला घेऊन आला तेव्हा मी गिरणी बंद केली आणि त्याला समोर बसवलं.

"काय करून राहिलास तिथं?"

"पावडर, वैनी. जनावरांची."

"जनावरांच्या पावडरीला कागद लावून बसावं लागतं व्हय? म्हशीला लाज वाटती का?"

तो हसला नाही. लहानपणी मी चिडवलं की तो हटकून हसायचा.

"तुमाला त्यातलं कळत न्हाई," तो म्हणाला आणि खाली बघू लागला. दूध सांडून ठेवायचा तेव्हाही तो असाच खाली बघायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. मी तेव्हाच ओळखलं.

माझी लेक लातूरला शिकते. डॉक्टर व्हायचं म्हणून तिथल्या क्लासला आहे, चार मुलींत खोली करून राहते. मी फोनवर तिला वास सांगितला, कागद सांगितला, पंखे सांगितले.  ती म्हणाली, "आई, तिकडं जाऊ नको. लातूरमध्ये पोरं जागायला एक चीज घेतात, अभ्यास होतो म्हणून घेतात आणि मग सुटत नाही. ती अशाच कुठल्यातरी शेडात बनते म्हणतात. तू जाऊ नको, पोलिसांना सांग."  आमच्या ओढ्याकाठी काका जे शिजवत होता ते पुतणीच्या शेजारच्या खोलीपर्यंत पोचत असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग कुणी काही सांगितलं तरी निघाला नाही.

गिरणीत बायका येतच असतात. मी सगळ्यांना सांगितलं. ओढ्यावर धुणं धुणाऱ्यांना सांगायची गरजच नव्हती, त्यांनी हात पुढं करून दाखवले. आम्ही मिळून कंधारला गेलो, पोलीस ठाण्यात. तिथल्या फौजदार बाईंनी आम्हाला हाकललं नाही, बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. वास सांगितला तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. त्यांनी त्या मालाचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, मेथॅम्फेटामाइन. आमच्यातल्या एकीनं ते म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. बाई म्हणाल्या, "नावाचं सोडा. माल आत आहे तोवर मला कळायला हवं."

आणि मग आमच्या गावानं तो घोळ घातला. तसा घोळ जगात दुसरं कुठलं गाव घालणार नाही. फौजदार बाईंनी सरपंचांना फोन केला की उद्या सकाळी येतोय, पंच म्हणून जाणती माणसं थांबवून ठेवा. सरपंच माणूस वाईट नाही. पण त्यांना वीस वर्षांची सवय. फोन ठेवला आणि ते सरळ देवळात गेले. मी दळत होते. पट्ट्याच्या आवाजावर भोंगा चढला:

"समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येतं की उद्या सकाळी पोलीस साहेब कोंबड्याच्या शेडची तपासणी करायला येनार हायत. तरी सर्वांनी टायमावर हजर राहावं. तपासणीनंतर च्याची सोय हाय!"

मी तशीच पिठानं भरलेली देवळात धावले. सरपंच माईक पुसत होते.

"काय केलंत हे?"

"कामून? लोकायला कळाय नगं का?"

 सकाळी पोलीस आले तेव्हा शेड आरशासारखं धुतलेलं. कागद नाही, ड्रम नाही, पंख्यांच्या जागी भोकं. कोपऱ्यात खुराकाची दोन पोती शहाण्यासारखी उभी. गाव मात्र वेळेवर हजर होतं, चहाही झाला. साहेब हात जोडून म्हणाला, "बायकांचा गैरसमज झाला, मी रागावलो न्हाई." फौजदार बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त झोंबली. आमच्या तोंडाला पानं पुसली गेली, तीही आमच्याच देवळावरून.

पुढं बरेच दिवस मी गावात हसण्याचा विषय होते. "वैनी, आज कुठं धाड हाय?" असं पारावरून विचारायचे. विचारा. मी पण सांगायचे, "तुमच्याच घरी हाय, घर झाडून ठेवा." पण रात्री जाऊ उशिरापर्यंत जागी असते हे मला कळत होतं, कारण भिंतीपलीकडून तो खोकला यायचा आणि त्यानंतर पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज यायचा.

थोड्याच दिवसांत पंखे परत आले. साहेबाचा धीर वाढला होता. एकदा पोलीस येऊन हात हलवत गेलेले, आता कोण येतंय? तेवढ्यात गावाचा सप्ताह लागला. सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग सगळ्या गावाची पंगत. ती पंगत द्यायला गावात चढाओढ असते. यंदा साहेबानं ती मागून घेतली. सरपंचांनी भोंग्यावर त्याचं नाव घेतलं, शाल आणली, फलक छापला. फलकावर साहेबाचा फोटो विठ्ठलापेक्षा मोठा होता.

आमच्याकडं पंगतीची एक रीत आहे. पंगत देणारा गहू, डाळ, गूळ देतो. आचारी भाजी-वरण करतो. पण पोळ्या आचारी करत नाही. गहू माझ्या गिरणीत दळला जातो, पीठ घरोघर वाटलं जातं आणि प्रत्येक घरची बाई आपल्या चुलीवर पोळ्या लाटते. मग ट्रॅक्टर गल्लीगल्लीनं फिरतो आणि बायका दारात येऊन त्यात टोपल्या रिकाम्या करतात. पंगत कुणाचीही असो, पोळी गावातल्या बायकांच्या हातची. हे आजवर कुणी मोडलं नव्हतं, कारण मोडण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

साहेबाची गव्हाची पोती माझ्या दारात उतरली. दीरच घेऊन आला होता, खोकत. मी म्हणाले, "उतरवून ठेव. पण मी दळणार न्हाई."

"वैनी, देवाचं काम हाय."

"देवाचं असतं तर दळलं असतं."

ती पोती कंधारला नेऊन दळून आणली गेली. पीठ घरोघर पोचलं. मग बायका माझ्याकडं आल्या, कुणी चिडलेल्या, कुणी घाबरलेल्या. एकीचं म्हणणं, पंगतीला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. दुसरी म्हणाली, पुरुषमाणसं मारतील. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि कुणीच ठरवत नव्हतं. माझी जाऊ दाराशी उभी होती. तिच्याच नवऱ्याचं शेड, तिच्याच घरात त्या भाड्याचं सुख. तिच्यासमोर बोलायला सगळ्या कचरत होत्या.

ती आत आली. "माझ्या घरची पोळी जानार न्हाई," ती म्हणाली. "त्या मानसाच्या पिठाला मी हात लावनार न्हाई. माझा नवरा मरून राहिला, अक्का. रोज थोडा थोडा. मी बघून राहिले."

मग कुणी वाद घातला नाही.

काल्याच्या दिवशी ट्रॅक्टर फिरला. पहिल्या दारात थांबला, बाई बाहेर आली आणि पिठाची पिशवी जशीच्या तशी ट्रॅक्टरात ठेवली. दुसऱ्या दारात तेच. साऱ्या गल्लीत तेच. सगळी घरं आमच्यात नव्हती, हे खोटं सांगणार नाही, काही घरांनी पोळ्या दिल्या. पण त्या ट्रॅक्टरच्या एका कोपऱ्यात मावल्या. देवळासमोर कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, लोक पंगतीत बसले. पत्रावळीवर वरण आलं, भाजी आली आणि पुढं काहीच येईना. साहेब खांद्यावर शाल घेऊन मंडपात उभा होता. सरपंचांच्या हातात माईक होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं.

तेव्हा आम्ही आलो. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. घरच्या ज्वारीच्या भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मी मंडपात मोठ्यानं म्हणाले, "गाव उपाशी राहनार न्हाई. पन या मानसाची पोळी आमी लाटली न्हाई आन् लाटनार न्हाई. त्या शेडात काय शिजतंय ते सगळ्यायला ठाऊक हाय. ज्याला वरण खायचं त्यानं वरण खावं, ज्याला भाकरी खायची त्याला आमी वाढू."

मी डोक्यावरची टोपली खाली उतरवली.  मग कीर्तनकार महाराजांनी समोरचं वरण बाजूला सारलं आणि म्हणाले, "बाई, मला भाकरी वाढा." पुढचं सोपं होतं. म्हातारी माणसं आधी वळली, मग पोरं, मग ज्यांनी मला धाड विचारली होती तेही. साहेबाची कढई भरलेलीच राहिली. तो शाल घडी करून गाडीत बसला. आमच्या घरचे हे, म्हणजे माझे मालक, जन्मभर भांडण टाळणारा माणूस, त्यांनी त्या दिवशी पिठल्याची बादली हातात घेऊन शेवटपर्यंत वाढलं.  घरी आल्यावर स्वतः प्यायच्या आधी पाण्याचा तांब्या मला दिला.

साहेबाला कळलं की आता गाव मिंधं राहिलेलं नाही. त्याला सामान हलवायची घाई झाली. जावेनं सांगितलं की बाजाराच्या दिवशी टेंपो येणार आहे, गाव बाजाराला गेलं की. बाजाराच्या दिवशी आम्ही कुणीही बाजाराला गेलो नाही. शेडशेजारच्या रानात हरभरा काढणीला आला होता. आम्ही सगळ्या विळे घेऊन तिथं उतरलो. हरभरा काढणाऱ्या बायकांकडं कोण बघतं? आम्ही वाकून काढत राहिलो आणि टेंपो शेडच्या दारी लागलेला बघत राहिलो. मग फौजदार बाईंना फोन लावला. आणि हो, त्या दिवशी देवळातला माईक माझ्या गिरणीत होता, पिठाच्या डब्याखाली. सरपंचांना मी आदल्या दिवशीच सांगून नेला होता. ते म्हणाले, "न्या बाई, मलाच माझा भरवसा न्हाई."

शेडकडून गाडीवाट एकच. आम्ही हरभऱ्याचे भारे त्या वाटेवर रचले, आडवी बैलगाडी लावली आणि तिच्या पुढं बसलो. टेंपोवाला हॉर्न वाजवून दमला. साहेबाच्या माणसांनी शिव्या दिल्या, त्या आम्हालाही येत होत्या. पोलीस आले, टेंपो धरला. पण शेडचं दार आतून बंद होतं. आत धूर होता, आतली माणसं बाहेर येईनात, आणि आतून कुणी काही पेटवलं तर सगळंच उडेल म्हणून पोलीस दार तोडायला बिचकत होते.

मी पुढं गेले. फौजदार बाईंनी हात धरला, मी सोडवला. दाराशी उभी राहून मी माझ्या दिराला हाक मारली. त्याचं लहानपणीचं, घरातलं नाव घेऊन मारली, जेवायला बोलवायची तशी. आतून उत्तर आलं नाही, खोकला आला.

"बाहेर ये," मी म्हणाले. "पोलीस हायत, धरतील. मी खोटं सांगत न्हाई. पन बाहेर ये. दार उघड."

आत आरडाओरडा झाला, काहीतरी पडलं, कुणीतरी त्याला शिवी घातली. मग कडी वाजली. दार उघडलं ते त्यानंच. कपाळातून रक्त येत होतं, कुणी मारलं होतं. तो माझ्याकडं न बघता पोलिसांच्या पुढं जाऊन बसला, हात पुढं करून. जाऊ शेतातून धावत आली आणि पदरानं त्याचं कपाळ दाबून धरलं.

साहेबही पुढं पकडला गेला. तोंडाला मास्क बांधलेली माणसं नांदेडहून आली आणि शेड रिकामं केलं. ओढा अजून नीट झालेला नाही, पण यंदा बेडूक ओरडले आणि मी त्यांच्यावर पुन्हा चिडले.

पारावर मात्र एकच विषय. वहिनीनं पोटच्यासारखा वाढवलेला दीर जेलात घातला. माझ्या तोंडावर बोललं की मी उत्तर देते, पाठीमागं बोललं तरी देते, गिरणी बंद करून बाहेर येऊन देते. तो तिथं राहिला असता तर तुम्ही माझ्या दारी खांदा द्यायला आला असता आणि किती बिचारा म्हणाला असता. तुमच्या त्या बिचारेपणापेक्षा मला ही बदनामी परवडते.

खटला चालू होईल तेव्हा मी साक्षीदार आहे. त्याच्या वकिलांनी मला समजावलं की दिराला आत काय चालतं ते माहीत नव्हतं, एवढंच बोला, तो सुटेल. भावकीतल्या माणसांनी पाया पडून सांगितलं. जाऊ काही बोलली नाही. मग मी आणि ती नांदेडला जेलात त्याला भेटायला गेलो. जाळीपलीकडं तो उभा होता, केस बारीक कापलेले, अंगावर थोडं मांस चढलेलं.

मी आडपडदा ठेवला नाही. "मी खोटं बोलनार न्हाई. तुला ठाऊक होतं, हे सांगनार. आन् मी हाक मारली तवा डोकं फोडून घिऊन दार तूच उघडलं, हे बी सांगनार. दोन्ही सांगनार. निम्मं सांगनार न्हाई."

जावेनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं तो ओरडेल, नाहीतर तोंड फिरवून आत जाईल. त्यानं जाळीला बोटं लावली. बोटांची कातडी भरून आली होती.

मग म्हणाला, "वैनी, खोकला गेला माझा."

भेटीची वेळ संपेपर्यंत आम्ही तिथंच होतो, आणि खरंच, तेवढ्या वेळात तो एकदाही खोकला नाही. म्हणून आता कुणी विचारलं की मी लाजत नाही. दिराला जेलात घातलं का? हाव, घातलं. त्याचा खोकला गेलाय.